मनगटावरील घड्याळ आणि वैद्याची तीन बोटे



गेल्या पावसाळ्यातील एक अनुभव येथे मोकळेपणाने मांडतो. एकसष्ट वर्षांचे एक सेवानिवृत्त शिक्षक, मधुमेह व रक्तदाबाचे जुने रुग्ण, थकवा आणि छातीतील धडधड घेऊन चिकित्सालयात आले. नाडीवर बोटे ठेवली. गती विषम लागली. 'वातप्रकोप' असे टिपून औषध दिले. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा मुलाने दिलेले स्मार्टवॉच त्यांच्या मनगटावर होते. त्या घड्याळाने नाडी अनियमित असल्याचा इशारा दोनदा दिला होता. ईसीजी काढला असता एट्रियल फिब्रिलेशन आढळले. माझ्या बोटांना जे जाणवले होते, त्याचा पाठपुरावा मी केला नाही. तो घड्याळाने केला. ही खंत आजही मनात आहे.

या विकारात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. तेथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. फ्रेमिंगहॅम येथील प्रसिद्ध अभ्यासाने हा धोका सुमारे पाचपट असल्याचे १९९१ मध्ये दाखविले. विकार अनेकदा येतो आणि जातो, पुष्कळदा कोणतेही लक्षण देत नाही. त्यामुळे एकाच ईसीजीत तो सापडेलच असे नाही. दिवसरात्र मनगटावर राहणाऱ्या साधनाचे महत्त्व ते इथे.

घड्याळाच्या पाठीमागील हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहाचे चढउतार टिपतो आणि दोन ठोक्यांमधील अंतर मोजतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीमध्ये ४,१९,२९७ व्यक्ती सहभागी होत्या. सुमारे चार महिन्यांत त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्के लोकांना, इशारा मिळाला. पुढे ज्या ४५० जणांच्या छातीवरील ईसीजी पट्टीची नोंद तपासता आली, त्यांतील ३४ टक्क्यांमध्ये हा विकार दिसला. उरलेल्यांचा इशारा खोटाच होता असे नव्हे, कारण पट्टी लावेपर्यंत विकार शमलेला असू शकतो. तथापि सैल पट्टा, हाताची हालचाल किंवा अधूनमधून पडणारे जादा ठोके यांमुळेही घड्याळ फसते. म्हणून इशारा हे निदान नव्हे, आणि घड्याळाचे मौन हे आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे.

आपल्यात यावर दोन मते ऐकू येतात. यंत्राला दोष काय कळणार, असे काही म्हणतात; आता नाडी पाहायचीच कशाला, असे काही. दोन्ही मते मला अमान्य आहेत. बृहत्त्रयीत नाडीपरीक्षेचे स्वतंत्र विवेचन नाही. शार्ङ्गधराने ते केले, आणि थांबून थांबून चालणाऱ्या नाडीला त्याने प्राणघातक म्हटले. दोषगती ओळखण्याआधी नाडीचा ताल पारखावा, हा धडा आपल्याच ग्रंथात होता. आपण घाईत तो विसरलो.

माझी विनंती एवढीच की चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक रुग्णाची नाडी पूर्ण एक मिनिट पाहावी. ती विषम लागल्यास स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके मोजून नाडीशी ताडून पाहावेत, त्याच दिवशी ईसीजी काढावा आणि रुग्णास हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. मधुमेह, उच्च रक्तदाब, पूर्वीचा पक्षाघात किंवा संधिवाताच्या तापाने झालेला झडपेचा विकार असल्यास मुळीच विलंब करू नये. अर्जुन क्षीरपाकावर माझी श्रद्धा आहे. परंतु रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची जागा तो घेतो असे सांगून ते औषध बंद करविणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होय.

औषधालयचालकांनाही दोन शब्द. वत्सनाभाची मात्रा किंवा शोधन चुकले तर हृदयाचा ताल बिघडतो. त्रिभुवनकीर्ती रसासारखे वत्सनाभयुक्त कल्प अनुसूची ई-१ मध्ये मोडतात आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावेत, अशी सूचना त्यांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ताप आला म्हणून ते मागणाऱ्या ग्राहकास वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. यष्टिमधु अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांना ते विशेष घातक ठरते. घड्याळाचा इशारा दाखवून 'हृदयाचे काहीतरी द्या' म्हणणाऱ्या ग्राहकाला डबी न देता वैद्याकडे पाठविणे, हाच खरा व्यवसायधर्म.

त्या शिक्षकांवर वेळेत उपचार सुरू झाले. आज ते नातवाला शाळेत सोडायला चालत जातात. घड्याळाने माझी बोटे निरुपयोगी ठरविली नाहीत, त्यांना पुन्हा कामाला लावले. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.