पफ-फवारणीचा धंदा : यंत्राच्या आधीं काय घ्यावें ?

द्राक्षांचीं शीतगृहें, कोंबड्यांच्या बंदिस्त शेडी, दुधाचीं शीतकरण केंद्रें व पत्र्याचीं गोदामें महाराष्ट्रांत वाढत चाललीं, तसा त्यांच्या भिंतींस व छपरांस उष्णतारोधक फेस फवारण्याचा एक नवा धंदाही उदयास आला आहे. बोलण्यांत त्यास 'पफ मारणें' म्हणतात. केवळ शेतीवर सबंध कुटुंबाचा चरितार्थ चालत नाहीं. तेव्हां घरांतील एखाद्या शिकलेल्या मुलानें हा धंदा करावा काय, व करावयाचा तर कोणतें यंत्र घ्यावें, अशी पृच्छा आमच्या कित्येक सभासदांकडून होऊं लागली आहे. धंदा वाईट नाहीं. तथापि पृच्छा करणारांपैकीं बहुतेकांनीं यंत्राची किंमत आधींच काढलेली असते, व तारणासाठीं सातबाराही मनांत धरलेला असतो. मालाविषयीं, हवेविषयीं व काम करणाराच्या फुप्फुसांविषयीं मात्र त्यांनीं एक अक्षरही विचारलेलें नसतें. हा क्रम उलटा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. पॉलियुरेथेन हा पदार्थ १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर व त्यांचे सहकारी यांनीं शोधून काढला. फवारणीच्या कामांत त्याचे दोन द्रव वेगवेगळ्या ड्रमांतून येतात. एक आयसोसायनेट, दुसरा पॉलिऑल, ज्यांत फेस फुगविणारें, क्रिया जलद करणारें व आगीस आळा घालणारें अशीं द्रव्यें आधींच मिसळलेलीं असतात. हे दोन्ही द्रव समान मापानें बंदुकीच्या तोंडाशीं एकत्र येतात व कांहीं सेकंदांत फेस फुगून घट्ट होतो. म्हणजे भिंतीवर जें उष्णतारोधक बसतें तें कारखान्यांत तयार झालेलें नसून त्या जागेवर, फवारणाराच्या हातून तयार होतें. बियाणें कितीही उत्तम असलें तरी वाफसा नसतां पेरलें तर दोष बियाण्याचा नव्हे. येथेंही तसेंच आहे.

फेसाचे मुख्य प्रकार दोन. बंद पेशींचा फेस दर घनमीटरास सुमारें ३० ते ३५ किलो भरतो, कठीण असतो व पाण्याची वाफ फारशी आंत घेत नाहीं. उघड्या पेशींचा फेस अवघा ८ किलोंच्या आसपास भरतो, मऊ असतो व स्वस्त पडतो. परंतु वाफ त्यांतून सहज आरपार जाते, आणि उष्णता तितकीच अडवावयाची तर थर सुमारें दीडपट जाड द्यावा लागतो. शीतगृहांत बाहेरची दमट हवा थंड बाजूकडे ओढ घेते. उघड्या पेशींच्या फेसांत ती शिरली कीं तेथेंच तिचें पाणी होतें. म्हणून शीतगृहाच्या कामीं बंद पेशींचाच माल घ्यावा. ज्या छपरावर माणसें चालणार तेथें त्याहूनही घट्ट, म्हणजे ४५ किलोंच्या सुमाराचा फेस लागतो.

दुसरी गोष्ट फुगविणाऱ्या द्रव्याची. पूर्वीं या कामीं एचसीएफसी-१४१बी हें द्रव्य सर्रास वापरीत. तें वातावरणांतील ओझोनच्या थरास घातक असल्यानें १९८७ च्या माँट्रियल करारास अनुसरून भारतानें १ जानेवारी २०२० पासून त्याची आयात बंद केली. तेव्हां 'जुना माल आहे, स्वस्तांत देतों' असें कोणी म्हणाल्यास हात आखडता घ्यावा. मालाच्या कागदावर फुगविणारें द्रव्य, घनता, तापमान व टिकण्याची मुदत हीं चारही स्पष्ट लिहिलेलीं असल्याखेरीज पैसे देऊं नयेत, व दोन्ही ड्रम एकाच उत्पादकाचे असावेत.

आतां हिशेब. १०० चौरस मीटर भिंतीवर ७५ मिलिमीटर थर द्यावयाचा, तर फेस होतो साडेसात घनमीटर. घनता ३५ धरिली तर माल २६२ किलोंच्या वर लागतो. एक दशांश नासधूस धरून सुमारें २९० किलो. परंतु निफाडकडच्या पौषांतील पहाटे थंडगार पत्र्यावर फवारलें, किंवा भीत भीत पातळ हात मारले, तर फेस पुरता फुगत नाहीं व घनता ४५ वर जाते. मग तेवढ्याच भिंतीस नासधूस सोडूनच ३३७ किलो लागतात. नफा कोठें गेला, याचा शोध पुष्कळांस वर्ष संपल्यावरही लागत नाहीं. तो भिंतीवरच बसलेला असतो. उलटपक्षीं, घाईनें एकाच वेळीं जाड थर देणेंही घातक आहे. क्रियेंत उष्णता निघते; ती थराच्या पोटांत कोंडली गेली तर फेस आंतून करपतो, व प्रसंगीं पेटही घेतो. एका हातास ५० मिलिमीटरहून अधिक देऊं नये, व पुढील हात आधींचा थर निवल्यावरच द्यावा.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे यंत्राची निवड सोपी होते. यंत्राचें काम तीन गोष्टींचें : दोन्ही द्रव समान मापानें देणें, ते सुमारें ४५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविणें, व चौरस इंचास हजार पौंडांच्या वर दाब ठेवणें. यांपैकीं एक जरी ढळली तरी फेस बिघडतो. आयसोसायनेट अधिक झालें तर फेस ठिसूळ होतो. पॉलिऑल अधिक झालें तर मऊ व चिकट राहतो. म्हणून जुनें यंत्र घेतांना रंगरंगोटी न पाहतां, विकणाराकडून समोर फवारून घ्यावें, फेस थंड झाल्यावर सुरीनें कापून पाहावा, आणि दोन्ही बाजूंचे दाब फवारतांना सारखे राहतात कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहावें. तापणारी नळी, सुकी हवा देणारा कॉम्प्रेसर व हीटरांसह सर्व भार एकदम पेलणारा जनरेटर हीं यंत्राइतकींच आवश्यक आहेत. वीज गेली व नळींतील द्रव थंड झाले, तर अर्धी भिंत एका जातीची व अर्धी दुसऱ्या जातीची होते. आयसोसायनेटला तर पाण्याचें वावडें आहे. कोंकणच्या दमट हवेंत उघडें राहिलेलें ड्रम खड्यांनीं भरतें, व ते खडे पंप आणि बंदूक यांचा घात करितात. उन्हांत ठेवलेल्या पॉलिऑलच्या ड्रमांतून फुगविणारें द्रव्य उडून जातें. तेव्हां मालासाठीं सावलीची, कोरडी खोली हीही यंत्रसामुग्रींतच मोजावी.

परंतु या सर्वांच्या आधीं घ्यावयाची वस्तु निराळीच आहे. आयसोसायनेटची वाफ व तुषार श्वासांत गेल्यास कायमचा दमा जडूं शकतो. एकदां शरीरास त्याची बाधा झाली कीं पुढें अल्पशा संसर्गानेंही श्वास कोंडतो, आणि त्या माणसास हा धंदा सोडावा लागतो. युरोपांत ऑगस्ट २०२३ पासून शिक्षण घेतल्यावांचून हीं द्रव्यें धंद्यांत हाताळूं देत नाहींत. आपल्याकडे मात्र तोंडास उपरणें गुंडाळून फवारणारीं मुलें आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत. उपरण्यानें धूळ अडते, हें विष अडत नाहीं. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा, अंगभर पोशाख व हातमोजे यांची खरेदी पहिली. ती जमत नसेल तर धंद्याचा विचार सोडून द्यावा. कर्ज फिटतें; फुप्फुस परत येत नाहीं.

आगीचेंही तसेंच. हा फेस जळतो व त्याचा धूर प्राणघातक असतो. फवारलेल्या भिंतीजवळ वेल्डिंग करूं देऊं नये, व आंतील बाजूचा फेस जाळीवरील सिमेंटच्या गिलाव्यानें अथवा तशाच आवरणानें झांकल्याखेरीज काम पुरें झालें असें म्हणूं नये. छपरावरील फेस उन्हानें पिवळा पडून झिजतो. त्यासही लेप हवाच.

फवारणी कोठें करूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. नवें चौकोनी शीतगृह बांधावयाचें तर कारखान्यांत तयार झालेले पफचे तक्ते बहुधा अधिक भरंवशाचे. फवारणीचें खरें क्षेत्र जुनीं गोदामें, वांकडीं छपरें व सांधे हें आहे. आणि कांदाचाळीस तर पफ मुळींच लावूं नये. चाळीचा सारा गुण तिच्या फटींतून खेळणाऱ्या वाऱ्यांत आहे. तो वारा बंद करून पफ विकणारा मनुष्य कांदेवाल्याचें धन सडवील.

शेवटीं आमची सूचना. सातबारा तारण ठेवून एकट्यानें यंत्र घेण्याची घाई कोणीं करूं नये. मुलानें प्रथम एक हंगाम जाणत्या फवारणाराच्या हाताखालीं काढावा. मग तालुक्यांतील चार-पांच कुटुंबांनीं मिळून, किंवा सोसायटीच्या मार्फत, एक संच घ्यावा. शीतगृहांचीं कामें द्राक्षहंगामापूर्वींच्या थोड्या महिन्यांत एकवटतात. एरवीं यंत्र उभें राहतें, व्याज मात्र उभें राहत नाहीं. पांच घरांनीं तें वाटून घेतलें तर एका घरावर गंडांतर येत नाहीं. आपल्या देशांत सहकाराचा पहिला कायदा १९०४ सालीं झाला, तो कर्जाच्या ओझ्याखालीं गेलेल्या शेतकऱ्यासाठींच. त्याच्या नातवा-पणतवांनीं नव्या धंद्यासाठीं तीच वाट धरावी, यांत आम्हांस कांहींच कमीपणा दिसत नाहीं.