वाघीण घडवावी की विकत आणावी?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मुलाकडे राहणाऱ्या ७६ वर्षांच्या एका गृहस्थांविषयी त्यांच्या सूनबाईंनी विचारणा केली आहे. तिथला लांबलेला हिवाळा घरातच काढावा लागतो, म्हणून सासऱ्यांनी छोट्या रेल्वेच्या प्रतिकृतींचा छंद जोडला. इंजिनांपेक्षा त्यांचा ओढा मालगाडीच्या डब्यांकडे. सुटे भाग आणून आठ वर्षांत त्यांनी चाळीसेक डबे स्वतः जोडले. गेल्या वर्षभरात त्यांचा हात कापू लागला. एकदा सुरीने बोट कापले आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्याने ते लवकर थांबेना. मुलाने घाबरून सुरी आणि गोंद कपाटात ठेवले आणि वाढदिवसाला बारा तयार डबे आणून दिले. ‘ते बारा डबे अजून खोक्यांतच आहेत. बाबा आता दुपारभर झोपून असतात. हे वयामुळे, की आमच्यामुळे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न वरवर छंदाचा दिसला, तरी तो वैद्यकाच्या कक्षेतलाच आहे. मात्र उत्तर देण्याआधी या छंदाची थोडी ओळख करून द्यायला हवी.

मालडब्याला आपल्याकडे रेल्वेची जुनी मंडळी ‘वाघीण’ म्हणतात. अमेरिकेत या वाघिणींची प्रतिकृती बहुधा ‘एचओ’ प्रमाणात, म्हणजे मूळ आकाराच्या १:८७ या मापात करतात. चाळीस फुटी बंद डबा या मापात जेमतेम १४ सेंटीमीटरांचा होतो. कोळशाचे उघडे हॉपर, तेलाच्या टाक्या, बर्फ भरून फळे नेणारे शीतडबे, गाडीच्या शेवटी गार्डसाठी जोडलेला कबूस असे त्यांचे अनेक प्रकार. हा संसार मांडण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली साध्या किटची: साच्यातून निघालेले प्लॅस्टिकचे अंग, खालचा सांगाडा, दोन बोग्या, चाके आणि जोडणीचे आकडे. ॲथर्न या कंपनीचे निळ्या खोक्यातले किट तिथल्या कित्येक पिढ्यांनी जोडले. ते इतके सोपे असत, की ‘खोके हलवले की डबा तयार’ अशी थट्टाच रूढ झाली. दुसरी वाट कसबी किटची. यात लाकडाच्या पट्ट्या नाहीतर राळेचे ओतीव भाग येतात, पायऱ्यांच्या दांड्या तारेच्या असतात आणि एका डब्याला दोन-दोन आठवडे लागतात. तिसरी वाट तयार डब्यांची. गेल्या पंचवीस वर्षांत हे डबे इतके बारकाईने बनू लागले, की सर्वसामान्य हाताने त्यांच्याशी स्पर्धा करणे अवघड झाले. ॲथर्ननेही आपले ते किट बंद केले. ॲक्युरेलसारख्या मोजक्या कंपन्या मात्र अजून साधे किट विकतात.

‘स्वतः जोडला नाही तो छंद कसला?’ हा वाद या मंडळींत जुना आहे. वैद्य म्हणून मला त्यात पडायचे नाही. मला विचारायचे आहे ते निराळेच: या माणसाला या छंदातील कोणता भाग जगवतो? कोणाला गाडी धावताना पाहण्यात आनंद असतो. कोणाला १९५० च्या सुमाराची एखादी रेल्वे कागदपत्रांवरून जशीच्या तशी उभी करायची असते. आणि कोणाला सकाळी उठल्यावर टेबलावर अपुरे काम वाट पाहत असले, की दिवसाला आकार येतो. पत्रातील गृहस्थ या तिसऱ्या जातीचे दिसतात. त्यांना चाळीस डबे नको होते, त्यांना एकेचाळिसावा हवा होता. तयार डबा कितीही देखणा असला, तरी खोके उघडताक्षणी तो पुरा झालेला असतो. त्याच्यापाशी त्यांना करण्यासारखे काही उरत नाही. दुपारच्या झोपेचे कारण यात असू शकते. पण ते एवढ्यावरच सोडता येत नाही. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीवरून मन उडणे आणि दिवसा झोपून राहणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर वृद्धांमध्ये ते नैराश्याचे लक्षण असू शकते. थायरॉइड, रक्तक्षय किंवा एखादे औषधही त्याला कारण असते. तेव्हा तपासणी अवश्य करून घ्यावी.

तयार डब्यांना मी कमी लेखतो असे कोणी समजू नये. गायक नील यंग यांचा मुलगा बेन याला जन्मापासून तीव्र स्वरूपाचा सेरेब्रल पाल्सी हा आजार. त्याला बोलता येत नाही, हातपायांवर ताबा नाही. त्याच्यासाठी डबे जोडण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र मोठे बटण दाबून गाडी चालवता येईल अशी यंत्रणा वडिलांनी त्याच्यासाठी तयार करवून घेतली. त्या खटाटोपातून ते दूरनियंत्रणाच्या तंत्रात शिरले आणि १९९५ साली लायोनेल ही खेळण्यांतील रेल्वेची जुनी कंपनी विकत घेणाऱ्या गटात भागीदारही झाले. ज्याचा हात चालत नाही, त्याच्या हाती गाडीची सत्ता देणे हे फार मोठे काम आहे, आणि ते तयार गाडीनेच साधले. पण पेनसिल्व्हेनियातील सासऱ्यांचा हात चालतो. तो कापतो, एवढेच.

आता त्या कापण्याकडे वळू. कंप म्हटला की घरचे लोक थेट पार्किन्सनवर जातात. त्या आजारातील कंप बहुधा एका हाताला सुरू होतो आणि हात मांडीवर निवांत असताना अधिक दिसतो. बरोबरीने हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जाते. याउलट चहाची कपबशी उचलताना, सही करताना, चिमट्याने चाक धरताना जो हात थरथरतो तो बहुतेक वेळा ‘इसेन्शियल ट्रेमर’ असतो. तो पुष्कळदा कुटुंबात चालत आलेला असतो आणि त्यावर औषधे आहेत. दम्याची काही औषधे, फिट्सवरील काही गोळ्या, वाढलेला थायरॉइड, अती कॉफी यांनीही हात कापतो. यातले बरेचसे सुधारण्यासारखे असते. म्हणून माझा आग्रह असा, की हातातले काम काढून घेण्यापूर्वी तो हात डॉक्टरांना दाखवावा.

बारीक काम करणाऱ्या माणसाचा एक फायदा असा, की त्याचा हात बिघडला तर ते लवकर कळते. रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता असते. बोटे बोथट झाली, सदऱ्याची बटणे लावणे जमेना, आणि त्याच सुमारास चालही डगमगू लागली, तर मानेतील मज्जारज्जूवर दाब असू शकतो. हे ‘वय झाले’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढलेले मी पाहिले आहे. त्यात उशीर झाला, तर गेलेली शक्ती पूर्ण परत येत नाही. आणि एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, चिमटा हातून गळला, बोलणे अडखळले, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

कंप असूनही काम करता येते. कोपरे आणि मनगटे दोन्ही टेबलावर टेकली, की थरथर बरीच आटोक्यात येते. डबा हातात न धरता छोट्या शेगड्यात किंवा फोमच्या खाचेत बसवावा. उजेडाकडे तर आपण फारच दुर्लक्ष करतो. साठीच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत जेमतेम एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. तेव्हा खोलीतला दिवा पुरेसा नाही, टेबलावर वेगळा दिवा हवा. जवळचा चष्मा बहुधा ३५ ते ४० सेंटीमीटरसाठी दिलेला असतो, आणि ही मंडळी वीस-पंचवीस सेंटीमीटरवर काम करतात. चष्मा करताना हे अंतर मोजून सांगावे. पाऊण तासानंतर उठून घरात एक फेरी मारावी. मान आणि पाय दोघेही दुवा देतील.

राहिली सुरी. रक्त पातळ करणारी गोळी छंदासाठी स्वतःच्या मनाने बंद करू नये. सुरीच बदलावी. साच्यातील भाग सोडवायला चपट्या तोंडाची बारीक पक्कड मिळते, तिने सुरीचे निम्म्याहून अधिक काम होते. उरलेले पॉलिश पेपरने घासावे. कापलेच तर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून, हात उंच धरून बसावे. थांबले का, हे मधूनमधून उघडून पाहू नये. एवढ्याने न थांबल्यास डॉक्टरांकडे जावे.

प्लॅस्टिक जोडायचे पातळ द्रावण भागांचे पृष्ठ विरघळवून त्यांना एकजीव करते. त्याची वाफ मात्र बंद तळघरात बरी नव्हे. खिडकी उघडी हवी, आणि दमा असलेल्यांनी रंगाचा फवारा टाळावा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे, पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत आणि डॉक्टर गाठावा. घरात नातवंडे येत असतील, तर छोटी चुंबके आणि बटणासारख्या बॅटऱ्या कुलपात ठेवाव्यात. त्या गिळल्याची नुसती शंका आली, तरी थांबून वाट पाहू नये.

वजनाचेही सांगतो, कारण त्यात एक धोका दडला आहे. हलका डबा वळणावर रूळ सोडतो. म्हणून अमेरिकेतील ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेने एक प्रमाण घालून दिले आहे: एचओ डब्याला मुळात एक औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. या हिशेबाने आपला १४ सेंटीमीटरांचा डबा सुमारे १०५ ग्रॅमचा असावा. जुने लोक हे वजन शिशाच्या छर्ऱ्यांनी भरतात. शिसे हाताला लागते आणि न धुतलेल्या हाताने बिस्किट खाल्ले, की पोटात जाते. पांढऱ्या गोंदात बसवलेले शिसे कालांतराने फुगून डब्याचे अंग फोडू शकते, ते निराळेच. लोखंडी नट-बोल्ट वापरावेत, स्वस्त आणि निर्धोक. स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो. सूनबाई हो म्हणाल्या तर!

मग त्या बारा डब्यांचे काय करायचे? ते खोक्यांतून काढावेत, पण पुरे झालेले म्हणून नव्हे. तयार डबा नव्याकोऱ्या चमकीचा असतो. खऱ्या वाघिणीवर धूळ, गंज, काजळी असते. कोरड्या रंगीत खडूची पूड मऊ कुंचल्याने लावून तो मळवता येतो. या कामाला स्थिर हात लागत नाही. गंजाचे डाग आखीवरेखीव नसतातच, तेव्हा कापणारा हात इथे उलट बरा! पूड उडते म्हणून तोंडावर साधा मास्क बांधावा. याखेरीज प्लॅस्टिकची चाके काढून धातूची बसवणे, वजन तपासून भर घालणे, आकड्यांची उंची मापकाने जुळवणे, असे प्रत्येक डब्यामागे तासाभराचे काम निघते. बारा डबे म्हणजे निदान तीन आठवड्यांची सोय झाली. त्यांच्या जोडीला कपाटातील गोंद परत द्यावा आणि एखादा साधा किट आणावा. राळेचा कसबी किट सध्या नको. त्याला सुरी आणि कानस सतत लागते, आणि राळेची भुकटी छातीला वाईट.

घरच्यांनी मदत कशी करावी, हेही नाजूकच आहे. अडलेला भाग मुलाने झटकन बसवून द्यावा आणि ‘झालं बघा बाबा’ म्हणावे, यासारखे दुसरे निरुत्साही वाक्य नाही. बाबांनी सांगावे आणि मुलाने त्यांच्या सांगण्यानुसार धरून ठेवावे. सुटे भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये पायरीनुसार मांडून ठेवता येतात. एखादे दिवशी पायरी चुकली, म्हणून स्मृतिभ्रंशाची धास्ती घेऊ नये. मात्र चाळीस वेळा केलेल्या कामाचा क्रम काही महिन्यांत पुन्हापुन्हा हरवू लागला, पैशांचे आणि औषधांचे हिशेबही चुकू लागले, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. डबे जोडल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे मी म्हणणार नाही. तसे सांगून कोणी काही विकत असेल, तर खिसा सांभाळावा.

आपल्याकडे असे किट सहज मिळत नाहीत. पण या छंदाचा आवाका पाहायचा असेल, तर पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे आजोबांना नातवंडांबरोबर अवश्य न्यावे.

आणखी एक किरकोळ सूचना, कारण पत्रात तिचाही उल्लेख आहे. डबे जोडणाऱ्या आकड्यातील ती डासाएवढी स्प्रिंग. केडी हे त्या आकड्यांचे नाव कीथ आणि डेल या एडवर्ड्स बंधूंच्या आद्याक्षरांवरून पडले. ही स्प्रिंग बसवताना उडाली, की सापडत नाही आणि म्हातारा माणूस गुडघ्यांवर बसून गालिचा चाचपडू लागतो. उठताना तोल जाण्याची भीती खरी तिथेच. मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन्ही हात घालून ती बसवावी. उडाली तरी पिशवीतच राहते.