मुकेशची फीत आणि ई-सिगारेट

आज घरी गेल्यावर आईवडिलांपाशी सिनेमातल्या ‘मुकेश’चे नाव काढून पाहा. बहुधा ते हसतील आणि त्याच्या आवाजाची नक्कल करून दाखवतील. २०१२ नंतर चित्रपटगृहांत मूळ चित्रपटाआधी गुटख्याविरुद्ध एक छोटी फीत दाखवली जाई. तीत बोलणारा मुकेश हराणे हा भुसावळचा तरुण. तोंडाच्या कर्करोगाने २००९ साली, वयाच्या २४ व्या वर्षी तो वारला. म्हणजे लोक नक्कल करू लागले तेव्हा तो हयातही नव्हता!

इतकी करुण गोष्ट पाहून हसू का यावे? मला वाटते, दर खेळाला तीच भीती दाखवली की मन तिला निर्ढावते. शिवाय कर्करोग पडला लांबचा. पंधराव्या वर्षी पुढच्या परीक्षेपलीकडचे काही दिसत नाही. (रागावू नका, आम्हालाही दिसत नसे.)

हे आठवायचे कारण ई-सिगारेट. २०१९ च्या कायद्याने भारतात तिच्या विक्रीवर आणि जाहिरातीवर बंदी आहे. पण मोबाइलवर धुराची वलये सोडणारा कोणी हिरो पुण्यात दिसतो तसाच दौंड तालुक्यातल्या कासुर्डीतही दिसतो. तेव्हा उत्तर देणारी फीतही तिथेच पोचली पाहिजे.

तीत काय असावे? ती ‘वाफ’ पाण्याची नव्हे, हे आधी दाखवावे. बॅटरीने तापलेल्या तारेवर ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकोल, सुवासिक द्रव्ये आणि बहुधा निकोटीन यांचे मिश्रण तापते. त्याचे सूक्ष्म थेंब आपण छातीत ओढतो. निकोटीन हे तंबाखूच्या झाडाने किडींपासून बचावासाठी बनवलेले विष. ते काही सेकंदांत मेंदूत पोचते, आणि मेंदूची घडण तर पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणूनच कोवळ्या वयात सवय चटकन जडते.

अमेरिकेत २००० साली ‘ट्रूथ’ नावाच्या मोहिमेने मुलांना नुसते घाबरवले नाही. तंबाखू कंपन्या आपल्याला कसे फसवतात ते दाखवले. तिथल्या तरुणांतले धूम्रपान घटण्यात या मोहिमेचा वाटा होता, असे पुढे संशोधकांना आढळले. फसवले गेल्याचा राग भीतीपेक्षा जास्त टिकतो.

मला हवी ती फीत कासुर्डीच्या शिवारात काढता येईल. पाठीवर पंप घेतलेला काका माव्यावर तंबाखूचा काढा फवारतो आहे. बांधावर नववीतला पुतण्या खिशातली नळी चाचपतो आहे. काका म्हणतो, “हे फवारताना मी तोंडाला फडकं बांधतो. तू तेच इष आत ओढतोस व्हय रं?”

एवढेच. पाठीमागे संगीत नको.