कचेऱ्यांच्या दलालाचा अभ्यास

व्यापारी मिळकतींची दलाली करणारा माणूस म्हणजे चाव्यांचा जुडगा घेऊन दारे उघडून दाखवणारा आणि त्याबद्दल महिन्याभराचे भाडे खिशात घालणारा इसम, ही जी समजूत आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे, ती केवळ त्या व्यवसायावर अन्याय करणारी नसून, आयुष्याची पुंजी घालून पहिले दुकान वा पहिली कचेरी थाटणाऱ्या गृहस्थाचे प्रत्यक्ष नुकसान करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण दलालाकडून काय अपेक्षावे हेच ज्याला ठाऊक नाही, तो चांगल्या-वाईटाची पारख कशी करणार?

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, मालमत्ता पत्रकावरील नाव आणि करारावर सही करणारा मालक एकच काय, पोटमाळा मंजूर नकाशात आहे की मागाहून चढवलेला, हे सारे दप्तर तपासणे हा या व्यवसायाचा खरा गाभा होय. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या 55 व्या कलमान्वये लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकावर आहे. त्याच कायद्यानुसार एक कोटी रुपये वा त्याहून अधिक वसूल भागभांडवल असलेल्या कंपनीला भाडेकरू म्हणून त्याचे संरक्षण मिळत नाही. या गोष्टी मसुदा हाती येण्यापूर्वी पक्षकाराला समजल्या पाहिजेत.

मुंबईच्या कोट विभागात दीर्घकाळ ही दलाली करणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. जागा दाखवताना ते फीत लावून भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतात, खांबांनी अडवलेली जागा वजा करतात आणि जिना, लिफ्ट व व्हरांड्याचा वाटा धरून सांगितलेल्या क्षेत्रफळापैकी खरोखर वापरावयास किती फूट उरतात, हे गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडतात. रविवारी सकाळी मात्र ते पेन्सिल व वही घेऊन जुन्या इमारतींचे दर्शनी भाग रेखाटत बसतात. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातील मातीने भर घालून तयार झालेल्या आणि जॉर्ज विटेट याच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या बॅलार्ड इस्टेटवर त्यांचे विशेष प्रेम. एकेका खिडकीचे दगडी तोडे, छज्ज्याची कोर, कोठे वातानुकूलन यंत्रासाठी कमानीचा दगड फोडला आहे, हे सारे त्यांच्या वहीत उतरलेले मी पाहिले आहे. वारसा यादीतील इमारतीचे बाह्यरूप परवानगीवाचून बदलता येत नाही, हा मुंबईत 1995 पासून लागू असलेला नियम पुष्कळ दलालांना फिर्याद झाल्यावर आठवतो. हे गृहस्थ मात्र दर्शनी भिंतीवर भला मोठा फलक लावण्याची आस धरून आलेल्या व्यापाऱ्याला तो अनामत भरण्याआधीच सांगतात, मग व्यवहार मोडला तरी बेहत्तर. अशा छंदाला मी फावल्या वेळेचा विरंगुळा म्हणणार नाही. कामाच्या धांदलीत जो अभ्यास होत नाही, तो तेथे निवांतपणे आणि प्रेमाने होत असतो.

परंतु अशा एखाद्याच्या सचोटीवर संपूर्ण व्यवसायाचा भार टाकणे न्याय्य नाही. दलाली भाड्याच्या प्रमाणात ठरते, म्हणजे भाडे जितके चढे तितका मोबदला अधिक. आणि पुष्कळदा तो मालक व भाडेकरू या दोघांकडून घेतला जातो. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील खरेदी-विक्री करून देणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली आणि महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, 2023 मध्ये त्याच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षेची तजवीज केली, हे स्तुत्य होय. मात्र केवळ भाड्याचे व्यवहार जुळवणारा दलाल या चौकटीबाहेरच राहिला, आणि छोटा व्यापारी तर जागा विकत घेण्याआधी भाड्यानेच घेत असतो.

राज्य सरकारने भाड्याच्या व्यवहारांतील दलालांनाही नोंदणी आणि परीक्षा लागू करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तोवर गाळा घेणाऱ्या प्रत्येकाने अनामतीचा धनादेश लिहिण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र आणि मालमत्ता पत्रक मागून घ्यावे, स्वतः वाचावे, आणि जो दलाल ते दाखवण्यास टाळाटाळ करील त्याच्याशी व्यवहार करू नये.