बँका एक झाल्या, डेटा हलला. मग तुमचं लॉगिन का अडतं?

१ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. ऑगस्टमध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक सारस्वत बँकेत गेली. बातम्यांत शाखा आणि ठेवींचे आकडे येतात. मला वाटतं, आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे : लाखो खाती एका सिस्टीममधून दुसरीत जाताना नेमकं काय होतं?

ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं उदाहरण बघा. ती लॉईड्सपासून वेगळी झाली, तरी सिस्टीम लॉईड्सचीच वापरायची. स्पेनच्या सबाडेल बँकेने ती विकत घेतली आणि एप्रिल २०१८ मध्ये ५० लाखांवर ग्राहक एकाच वीकेंडला नव्या सिस्टीमवर हलवले. डेटा व्यवस्थित पोचला, पण नवी सिस्टीमच कोलमडली. लोकांना लॉगिन होईना, काहींना तर दुसऱ्यांची खाती दिसली! सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड ठोकला.

म्हणजे नुसता डेटा हलवून भागत नाही. कोणता यूजर कोणत्या खात्याचा, हे नातंही जसंच्या तसं जावं लागतं, आणि सोमवारी सकाळी सगळे एकदम ॲप उघडतील तो लोड आधीच तपासावा लागतो. माझ्या मते ग्राहक टप्प्याटप्प्याने हलवणं आणि जुन्या सिस्टीमवर परतायची वाट उघडी ठेवणं, हाच शहाणपणा.

आता पासवर्डचं. नीट बांधलेल्या सिस्टीममध्ये तुमचा पासवर्ड साठवलेलाच नसतो. असतो फक्त त्याचा हॅश. हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. नव्या सिस्टीमची हॅशची पद्धत वेगळी असली, तर अनेकदा सगळ्यांनाच पासवर्ड नव्याने सेट करायला सांगतात.

भामटे नेमकी हीच संधी साधतात. ‘बँक बदलली, केवायसी अपडेट करा’ असा मेसेज तेव्हा खराच वाटतो. म्हणून तुमची बँक विलीन होणार असेल तर :

- आधीच स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा.
- मोबाईल नंबर बँकेत बरोबर आहे ना, बघा.
- नवा आयएफएससी कोड शाखेतून किंवा पासबुकावरून घ्या.
- मेसेजमधल्या लिंकवरून पासवर्ड बदलू नका, ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

सिस्टीम बँकेची असली, तरी पैसे आपले आहेत!