विष मजुराच्या पाठीवर, संशोधन कंपनीच्या पदरात

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना आठशेहून अधिक शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. सुमारे वीसजण दगावले. शासकीय चौकशीत पुढे फवारणाऱ्यांच्याच बेफिकिरीवर बोट ठेवण्यात आले. वास्तविक १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्यास संरक्षक पोशाख आणि सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे हाताळणाऱ्याच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची दरमहा तपासणी सांगितलेली आहे. शेचाळीस वर्षे उलटल्यावरही यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्या तपासणीची सोय नव्हती. मग बेफिकीर कोण?

आता जलशोषक जेलचा उदोउदो चालू आहे. विज्ञानाला विरोध करणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. पाण्याने फुगणाऱ्या या बहुवारिकाच्या दाण्यांत खत किंवा मुळावाटे झाडात भिनणारे कीटकनाशक भरले, तर ते मातीत सावकाश झिरपत राहते. रसशोषक किडींसाठी हंगामाच्या आरंभी होणाऱ्या काही फवारण्या त्यामुळे वाचू शकतील, तेवढ्यापुरता पंप मजुराच्या पाठीवरून उतरेल. हे थोडे नाही. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत मात्र हे औषध पोचत नाही. शिवाय खतातील क्षारांनी जेलची पाणी धरण्याची शक्तीही घटते. विक्रेत्याला हे सांगण्याची घाई नसते.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ घडविले ते जनतेच्या पैशातून. स्वतःच्या वजनाच्या साडेतीनशे पट पाणी धरणारा हा पदार्थ हेक्टरी अडीच ते पाच किलो पुरतो. उत्पादनाचे परवाने गेले खासगी कंपन्यांकडे! बियाणेच उधारीवर उचलणारा कोरडवाहू कास्तकार आणखी एका पुडक्याचे पैसे कोठून आणणार? आणि ऐपतदार मालक ते घेईल तो उताऱ्यासाठी. रोजंदारीवर फवारणाऱ्याच्या फुप्फुसांचा हिशेब त्याच्या वहीत नसतो. फवारण्या घटल्या तर त्या मजुराचा रोज बुडेल, हेही कोणी विचारात घेत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. जेलचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात व्हावे. यवतमाळच्या हलक्या, मुरमाड जमिनींवर अल्पभूधारकांच्या शेतात सरकारी खर्चाने त्याच्या चाचण्या घ्याव्यात. बुडणारा रोज रोजगार हमीतून भरून द्यावा. आणि जेल येवो वा न येवो, येत्या हंगामात पंप पाठीवर चढण्यापूर्वी प्रत्येक फवारणाऱ्याचे रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासले जावे.