घाटात कोण थांबेल?

लहान मुलांना प्रीती शिकवायची असेल, तर वचनांचं पाठांतर थोडं कमी करा आणि त्यांना कोण आवडत नाही, ते आधी विचारा. माझं हे म्हणणं ऐकून मंडळीतले काही वडीलधारे नाराज होतात. पण अनेक वर्षं मुलांचा रविवारचा वर्ग घेतल्यावर माझं मत एवढं पक्कं झालं आहे, की ते चारचौघांत मांडणं मला कर्तव्य वाटतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. माझं गाव पातूर. अकोल्याहून वाशीमकडे जाताना घाट चढण्याआधी लागतं ते. टेकडीवर रेणुकामाता, डोंगरात कोरलेली जुनी लेणी, गावात शाहबाबूंचा दर्गा. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये गावाचं नावच ‘पातूर शेखबाबू’ असं आहे. इथं ख्रिस्ती घरं थोडीच. नाताळाला आणि प्रभुभोजनाला आम्ही अकोल्याला जातो, एरवी रविवारी दुपारी आमच्याच घरांतली मुलं माझ्या ओसरीवर जमतात. बालवाडीतल्या पोरापासून सातवीतल्या मुलीपर्यंत सगळी एका सतरंजीवर बसतात.

ख्रिस्ती शिकवणीत विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन मोठे सद्गुण, आणि त्यात प्रीती सर्वांत थोर. पौलाने करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय सगळा याच विषयावर आहे. आमच्याकडे मुलांना तो पाठ करायला लावतात. तेराच वचनं, त्यामुळे हुशार मूल महिन्याभरात घडाघडा म्हणून दाखवतं. मग स्पर्धा होते, पहिला-दुसरा-तिसरा नंबर निघतो, आयांचे चेहरे फुलतात किंवा पडतात. प्रीती हेवा करत नाही आणि फुशारकी मारत नाही, असं सांगणारा अध्याय म्हणताना आमची मुलं हेवा आणि फुशारकी दोन्ही शिकून घरी जातात.

पौलाने हे कोणाला लिहिलं, तेही मुलांना कोणी सांगत नाही. करिंथची मंडळी भांडणारी होती. त्यांच्यात तट पडले होते. एकत्र जेवायला बसायचं, तर खातेपिते लोक आधीच जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. याच पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याबद्दल पौलाने त्यांना चांगलं फटकारलं आहे. पुढे दोनच अध्यायांनी प्रीतीचं ते वर्णन येतं. लग्नपत्रिकेत छापायला किंवा बक्षीस समारंभात म्हणायला तो मजकूर लिहिलेला नव्हता. पंगतीत शेजारी उपाशी बसला असताना आपण काय करतो, हा त्याच्या मागचा प्रश्न होता. आठ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न नीट कळतो. मधल्या सुट्टीत कोणाच्या डब्यात काय असतं आणि कोण डबाच आणत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

सद्गुण सवयीने अंगी येतो. भाकरी थापायची कृती पाठ करून भाकरी येत नाही, पीठ हाताखाली यावं लागतं. म्हणून माझ्या वर्गात पाठांतराची स्पर्धा नाही. त्याऐवजी आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा करून पाहतो. लूकच्या शुभवर्तमानातली ती दयाळू शोमरोन्याची गोष्ट.

यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या रस्त्यावर एका माणसाला लुटारूंनी मारून टाकून दिलेलं असतं. याजक येतो, पाहतो, निघून जातो. लेवी येतो, तोही तसाच जातो. मग येतो शोमरोनी. यहुदी लोक ज्याला जवळ उभं करणार नाहीत असा. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, स्वतःच्या पदरचे पैसे देतो आणि परत येताना उरलेलं भागवीन असं सांगून जातो.

मुलांसाठी आम्ही ही गोष्ट पातूरच्या घाटात आणली. मोटारसायकलवरून पडलेला माणूस वळणावर विव्हळतो आहे. पहिली गाडी येते पाळकसाहेबांची. त्यांना उपासनेला उशीर होतोय, थांबत नाहीत. दुसरी गाडी माझी, टीचरची. मीही थांबत नाही. इथं मुलं अस्वस्थ होतात, आणि तसं व्हायलाच हवं. येशूने त्या गोष्टीत आदरणीय माणसांनाच पुढे जायला लावलं होतं. मग मी विचारते, तिसरी गाडी कोणाची? उत्तरं ठरलेली असतात : येशूची, पोलिसाची, एकशे आठची. नाही, म्हणते मी. तुम्हाला जो अजिबात आवडत नाही, त्याची.

मग ओसरीवर शांतता पसरते आणि हळूहळू नावं येतात. एकाने बॅट मोडणाऱ्या वर्गमित्राचं नाव घेतलं. एका मुलीने वसुलीला येऊन तिच्या बाबांवर ओरडणाऱ्या माणसाचं घेतलं. मे 2023 मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, एका माणसाचा जीव गेला, जमावबंदी लागली. त्यानंतरच्या रविवारी मुलांनी कोणा एका माणसाचं नाव घेतलं नाही, एका अख्ख्या समाजाचं घेतलं. ज्या समाजाची मुलं याच मुलांबरोबर शाळेच्या बाकावर बसतात, त्याच समाजाचं. मोबाइलवर आलेल्या चित्रफिती घराघरात पाहिल्या गेल्या होत्या आणि मोठ्यांची बोलणी लहानांच्या कानावर पडली होती.

मी कोणाला रागावले नाही. त्या दिवशी तिसरी गाडी त्यांनी सांगितलेल्या समाजातल्या माणसाची केली. जखमी व्हायची पाळी पाचवीतल्या एका मुलाची होती. तो सतरंजीवर आडवा पडून म्हणाला, “टीचर, मी तं त्याच्या गाडीवर बसनारच नाही.”

“मग पडून राहा,” मी म्हटलं. तो पडून राहिला. बाकीची मुलं बघत बसली. बऱ्याच वेळाने तो कुशीवर वळला आणि म्हणाला, “बरं, बसतो. पन पयले पानी दे म्हना त्याले.”

या पाण्यापाशी मला जे सांगायचं आहे ते येतं. आपण मुलांना प्रीती शिकवतो तेव्हा त्यांना नेहमी देणाऱ्याच्या जागी उभं करतो. गरिबाला दे, दुबळ्याला मदत कर. त्यातून दया येईल कदाचित, पण तिच्या तळाशी ‘मी वरचा, तो खालचा’ हा भाव शिल्लक राहतो. येशूने ऐकणाऱ्याला जखमी माणसाच्या जागी ठेवलं. तू रस्त्यावर पडला आहेस आणि तुला वाचवणारा हात तुला नको असलेल्या माणसाचा आहे, घेशील का तो? ज्या शास्त्र्याने ‘माझा शेजारी कोण’ असं विचारून ही गोष्ट ऐकली, त्याला शेवटीसुद्धा ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारता आला नाही. ज्याने दया केली तो, एवढंच तो म्हणाला. मोठ्या माणसाला जे जड गेलं, ते माझ्या वर्गातल्या पाचवीच्या पोराने पाणी मागून केलं.

योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्टही अशीच आहे. तिथं विहिरीवर येशू स्वतः पाणी मागतो, तेही जिच्या हातचं पाणी घ्यायचं नाही अशा बाईकडे. हे मराठी मुलाला समजावून सांगावं लागत नाही. 1927 साली महाडच्या तळ्यावर एका ओंजळीसाठी काय घडलं, हे आमच्या पाठ्यपुस्तकात आहे. आमच्या मंडळ्यांमधूनही जात अजून पुरती गेलेली नाही, लग्नं जुळवताना ती बरोबर वर येते. म्हणून कोणाच्या हातचं पाणी आपण निःशंक पितो, हा प्रश्न प्रीतीच्या धड्यात मला फार मोलाचा वाटतो.

पंडिता रमाबाईंना हीच गोष्ट ऐकायला मिळाली होती. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, शास्त्रार्थात भल्याभल्यांना निरुत्तर करणाऱ्या. पण त्यांच्या मनाची पकड घेतली ती लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका आश्रमाने. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तिथं भगिनी सेवा करत होत्या, त्यांना माणूस म्हणून पुन्हा उभं करत होत्या. हे तुम्ही का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना उत्तरादाखल या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. पुढे आपल्या साक्षीत रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. आधी कृती डोळ्यांनी दिसली, मग गोष्ट कानावर आली. 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलीबाळींना उचलून आणणाऱ्या रमाबाई अशा घडल्या. आमच्या मुलांच्या बाबतीत आपण क्रम उलटा करतो. गोष्टी शेकडो सांगतो आणि कृती एकही दाखवत नाही.

माझी पणजी विक्रम संवत छप्पनच्या दुष्काळातली पोर. मिशनच्या अनाथालयात वाढली. घरात तिची एकच आठवण सांगितली जाते : तिथं तिला पहिला घास भरवणारी मुलगी तिच्याहून फार मोठी नव्हती आणि तीही उपाशीपोटीच आली होती. आमच्या घराण्यात ख्रिस्ती प्रीतीचा पहिला धडा हा असा एका मुलीच्या हाताने आला.

आता एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलते. ख्रिस्ती माणसाच्या प्रेमळपणाकडे आज अनेक जण संशयाने पाहतात : यामागे काही हेतू असेल का, हा आपल्याला ओढायला आला असेल का? या संशयाने मला वेदना होतात. पण त्याला उत्तर वादाने देता येणार नाही, आमच्या मुलांच्या वागण्यानेच देता येईल. आमच्या भागात शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी परकी राहिलेली नाही. वर्गातल्या एका मुलीच्या मैत्रिणीचे वडील असेच गेले. घर ख्रिस्ती नव्हतं. मुलांना तिच्याकडे जायचं होतं. मी एकच अट घातली : तिथं आपलं पुस्तक न्यायचं नाही, गाणं म्हणायचं नाही, तिनं विचारल्याशिवाय देवाचं नावही काढायचं नाही. त्यांनी घागरी भरल्या, बुडालेल्या दिवसांचा अभ्यास तिला वहीत उतरवून दिला, अंगणात तिच्याबरोबर बसून राहिली. ज्या प्रीतीच्या पोटात सौदा आहे ती प्रीती नव्हे, हे मुलांनी लहानपणीच शिकलं पाहिजे. बदल्यात काहीच मागायचं नाही, आभारसुद्धा नाही.

दुसरी नाजूक गोष्ट मुलांच्या सुरक्षिततेची. ‘क्षमा कर, सहन कर’ एवढंच शिकवलेलं मूल धोक्यात असतं. प्रीती म्हणजे मुकाट सोसणं असं त्याच्या मनात बसलं, तर त्याला त्रास देणारा मोठा माणूस निर्धास्त होतो. म्हणून मी माझ्या मुलांना बजावते : कोणी नको तसा हात लावला, धमकावलं, गुपित ठेवायला लावलं, तर लगेच सांगा. तो माणूस घरातला असो, शाळेतला असो, नाहीतर मंडळीतला. मुलांच्या मदतीसाठी असलेला 1098 हा क्रमांक आम्ही वचनांइतकाच पाठ करतो. 2012 चा पॉक्सो कायदा मुलांच्या पाठीशी आहे, आणि येशूचे सर्वांत कठोर शब्द लहानांना अडखळण करणाऱ्यांसाठीच आहेत. दुबळ्याचा बचाव करणं हेही प्रीतीचंच काम.

आणि ही सगळी मिरास आमच्या एकट्यांची आहे असं मी मुलांना कधीच सांगत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र देण्याची जी यादी येते, ती वाचल्यावर लगेच आम्ही गाडगेबाबांचा दशसूत्री संदेश वाचतो. आमच्याच वऱ्हाडात, शेंडगावला जन्मलेल्या या माणसाने तेच सांगितलं आणि आयुष्यभर हातात झाडू घेऊन तेच केलं. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी मिशनचं रुग्णालय आहे, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली उभारलेलं तपोवन आहे. दोन्ही नावं एका दमात घेतली की मुलांना कळतं, प्रीती कोणत्या घरातून निघाली याला महत्त्व नाही, ती कोणापर्यंत पोचली याला आहे.

म्हणून माझी मंडळ्यांना विनंती आहे. पाठांतराच्या स्पर्धा बंद करा. कापणीच्या सणाला मुलं ज्वारी, तूर, सोयाबीन घेऊन येतात, त्या सगळ्याचा लिलाव करून पैसा पेटीत टाकू नका. त्यातला वाटा मुलांच्या हातून गरजू घरी जाऊ द्या, आणि ते घर आपल्या मंडळीबाहेरचं असू द्या. इतर धर्मांच्या आईबापांनाही सांगते, तुमच्या घरातलं मूल कोणाचा द्वेष करायला शिकतं आहे, हे एकदा त्यालाच विचारा. उत्तर ऐकून त्याला मारू नका, गप्पही बसवू नका. ते नाव त्याने आपल्याच घरात कोणाच्या तोंडून ऐकलं, याचा शोध घ्या, आणि उद्यापासून आपल्या बोलण्यात ते नाव आदराने घ्या. मुलांचा पहिला धडा तिथंच सुरू होतो, वर्ग माझ्या ओसरीवर असो की तुमच्या जेवणाच्या ताटावर.